पैसे काँक्रीटचे नकोत, पेललेल्या भाराचे द्या

निपाणीहून तवंदीचा घाट चढून संकेश्वरमार्गे बेळगाव गाठायचे आणि तिथून पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे वळायचे, एवढ्या प्रवासात पायाखालची जमीन तीनदा बदलते. निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात बेसाल्टवर तयार झालेली काळी माती आहे. बेळगाव-खानापूरकडे जांभा आणि तांबडी माती लागते. गोकाकपासून सौंदत्तीपर्यंत कलादगी समूहाचा कठीण वालुकाश्म आणि क्वार्टझाइट वर येतो. घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते तो याच खडकाचा. १३,४१५ चौरस किलोमीटरच्या या एका बेळगाव जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या भागात आज विजेची मोठी कामे चालू आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रातून कोल्हापूरकडे ७६५ किलोव्होल्टच्या क्षमतेची वाहिनी उभी राहिली. सौंदत्तीचे डोंगर, शेजारचा गदग जिल्हा, सांगलीचे जत पठार येथे पवनचक्क्या फिरत आहेत आणि शेतीपंपांच्या फीडरसाठी उपकेंद्रांच्या आसपास सौर पॅनेलची शेते उभी राहत आहेत. या साऱ्यांचा भार शेवटी जमिनीत उतरतो, आणि तो कसा उतरवायचा याचा निर्णय फार थोडी माणसे, फार घाईत घेतात. माझे म्हणणे एवढेच आहे की सरकारी कामात पायाचे पैसे ओतलेल्या काँक्रीटच्या मापावर मिळतात, ते त्या पायाने त्याच मातीत किती भार पेलला यावर मिळाले पाहिजेत. हा एक बदल झाला तर सिमेंट, वाळू, पैसा आणि शेतजमीन वाचेल. शिवाय बेळगाव-कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाला त्याच्या ताकदीचे नवे काम मिळेल.

सध्याची पद्धत कशी चालते ते आधी पाहू. सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत काँक्रीटचा दर घनमीटरला असतो, सळईचा टनाला, पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबाचा, त्याच्या व्यासानुसार मीटरला. मोजमाप पुस्तकात जेवढे माप चढेल तेवढे बिल निघते. ज्या कंत्राटदाराने नीट माती तपासून पाया चार मीटरांनी आखूड केला त्याचे बिल कमी होते. ज्याने काही न तपासता खोल नेला त्याचे वाढते. मनोऱ्यांच्या कामात जमिनीचे वर्ग ठरलेले असतात: कोरडी, ओली, अंशतः बुडालेली, पूर्ण बुडालेली, काळी माती, भेगाळ खडक, कठीण खडक. वर्ग बदलला की पायाचे आकारमान बदलते आणि दरही. जागेवर एखादा खड्डा खणून वर्ग ठरवला जातो, आणि शंका असेल तिथे वरचा, म्हणजे महागडा वर्ग लावण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. त्यात कुणाची लबाडी असेलच असे नाही. ज्या अभियंत्याची सही खाली असते त्याला काँक्रीट जास्त वापरल्याबद्दल कधी कुणी जाब विचारत नाही, पण मनोरा कलला तर नोकरी जाते. पद्धतच अशी आहे की अज्ञानाची भरपाई सिमेंटने होते.

खरे तर काळ्या मातीचे कोडे आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वीच सुटले आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट हे पाणी शोषून घेणारे चिकणखनिज असते. पण ओलाव्याचा हा चढउतार वरच्या साधारण साडेतीन मीटरपुरता असतो. त्याखाली वर्षभर ओल जवळजवळ सारखी राहते. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यावरून ‘अंडर-रीम्ड’ पाइलचे तंत्र आपल्या देशाच्या मातीसाठी पक्के केले: हलत्या थराखाली जायचे आणि तिथे पाइलच्या तळाशी खोडाच्या अडीच पट व्यासाचा फुगवटा करायचा, म्हणजे माती वर उचलू लागली तरी पाइल खालून अडकून राहतो. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात याचे आकडे तक्त्यात दिले आहेत. ३०० मिलीमीटर व्यासाचा, साडेतीन मीटर खोल, एका फुगवट्याचा पाइल सुमारे १६ टन दाब आणि ८ टन वरची ओढ पेलतो. त्याला लागणारे काँक्रीट एक तृतीयांश घनमीटरच्या आत बसते. त्यावर दुसरा फुगवटा केला तर काँक्रीट वाढते घनमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी आणि क्षमता मात्र दीडपट होते, २४ टन आणि १२ टन. हे काम हाताने फिरवायच्या ऑगरने आणि तिकाटण्यावर टांगलेल्या फुगवटा-कापणीने गावातली चार-पाच माणसे करू शकतात. सौर पॅनेलचे खांब, छोट्या वाहिन्यांचे मनोरे, उपकेंद्रातील नियंत्रण खोल्या यांसाठी निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात याहून योग्य पाया सापडणे कठीण आहे. घनमीटरच्या हिशेबात मात्र त्याला किंमत नाही, कारण त्याच्यात मोजायला काँक्रीटच फारसे नाही.

मनोऱ्याच्या बाबतीत वरची ओढ हाच मुख्य प्रश्न असतो. वारा एका बाजूने लागला की दोन पाय जमिनीत रुततात आणि समोरचे दोन उपटू पाहतात. उपटणाऱ्या पायाला धरून ठेवण्यासाठी नेहमीची पद्धत म्हणजे मोठा खड्डा खणून रुंद तळ ओतायचा आणि वर माती भरून तिच्या वजनाने तो दाबायचा. सौंदत्तीच्या क्वार्टझाइटवर किंवा घाटमाथ्याच्या कठीण बेसाल्टवर असा खड्डा सुरुंगाने फोडून काढणे म्हणजे आधी निसर्गाने दिलेला पाया उद्ध्वस्त करायचा आणि मग त्याच्या जागी विकत घेतलेला भरायचा. तिथे खडकात भोके पाडून सळया ग्राउटने बसवल्या तर खडकच भार धरतो. पवनचक्कीच्या पायालाही हेच लागू पडते. दोन-तीन मेगावॉटच्या चक्कीचा वजनावर उभा राहणारा पाया ३०० ते ५०० घनमीटर काँक्रीट खातो. चांगल्या खडकात ताणलेल्या अँकरवर उभा केला तर ते प्रमाण बरेच खाली येते. उलट, वेदगंगा आणि दूधगंगेच्या पूरपट्ट्यात काटकसर मुळीच चालणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीची वीज उपकेंद्रे पाण्याखाली गेली, आणि जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले. अशा ठिकाणी पूर ओसरताना पाण्याने खालची माती किती खोलपर्यंत खरवडून जाईल ते धरून पाइल खोल न्यावेच लागतात आणि उपकेंद्राचा जोता पूररेषेच्या वर उचलावा लागतो. म्हणजे मी कमी काँक्रीट मागत नाही. जिथे जेवढे लागते तिथे तेवढे मागतो. काही ठिकाणी ते आजच्यापेक्षा जास्तही असेल.

आता काँक्रीटच्या आत काय जाते ते पाहू. सिमेंटचा मुख्य घटक असलेला क्लिंकर भाजताना टनामागे सुमारे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला मोठा भाग कोळशाचा नसून चुनखडीतूनच सुटतो, म्हणून भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो थांबत नाही. भारतीय मानक २९११ मध्ये खोदून ओतलेल्या पाइलसाठी घनमीटरला किमान ४०० किलो सिमेंट सांगितले आहे, पण त्याच कलमात पुढे अशीही मुभा आहे की मिश्रणाचे योग्य संकल्पन आणि योग्य मिश्रके वापरली तर ते ३५० किलोपर्यंत आणता येईल. हे दुसरे वाक्य आपल्या निविदांमध्ये क्वचितच उतरते. प्रयोगशाळेत मिश्रण तपासण्याचा खर्च कंत्राटदाराने करायचा आणि वाचलेल्या ५० किलो सिमेंटचा फायदा त्याला मिळायचा नाही, अशा स्थितीत तो ते का करील? तीच गोष्ट मिश्र सिमेंटची. भारतीय मानक ४५५ प्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के झोतभट्टीची मळी चालते. बळ्ळारीजवळच्या तोरणगल्लूला पोलाद कारखान्यातून ही मळी मुबलक निघते आणि ती आपल्यापासून फार दूर नाही. चुनखडी आणि भाजलेल्या चिकणमातीच्या सिमेंटलाही २०२३ पासून भारतीय मानक १८१८९ ची मान्यता आहे.

सीमाभागात मिश्र सिमेंट वापरायला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते कार्बनपेक्षा मोठे आहे. कृष्णाकाठच्या अथणी, रायबाग, शिरोळ या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे पाट पाणी देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. अशा जमिनीत क्लोराइड सळई गंजवतात आणि सल्फेट सिमेंटच्या दगडाला आतून फोडतात. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या पाइलला इथे वरून काही दिसत नाही. जमिनीखाली तो खपत जातो. स्लॅग सिमेंटचे काँक्रीट दाट असते, त्यात क्षार सावकाश शिरतात, आणि मोठ्या पायात ते गरमही कमी होते, त्यामुळे तडे कमी जातात. तेव्हा मिश्र सिमेंट हे पर्यावरणासाठी केलेला त्याग नाही. चोपण झालेल्या रानात तोच टिकाऊ पर्याय आहे. दुसरीकडे, बेळगावच्या वेशीवर हिंदाल्कोचा अ‍ॅल्युमिना कारखाना आहे. बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा तांबडा चिखल जगभर साठवण तलावांची डोकेदुखी झालेला आहे. बेळगावचा हा चिखल सिमेंट कारखान्यांना कच्चा माल म्हणून जाऊ लागला. २०२० मध्ये अल्ट्राटेकशी वर्षाला १२ लाख टनांचा करार झाला तेव्हा त्यात बेळगावचाही वाटा होता. म्हणजे एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याच्या भट्टीत घालण्याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. ते मोठ्या कंपन्यांना जमले कारण दोन्ही टोकांना हिशेब मांडणारी माणसे होती.

लहान फौंड्रीला तो हिशेब एकटीने मांडता येत नाही. बेळगावचे उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि पलीकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात शेकडो फौंड्र्या आहेत. त्या भंगार आणि पिग आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात; टनामागे साधारण ५५० ते ७०० युनिट वीज लागते. म्हणजे या उद्योगाचे कच्चे लोखंड बव्हंशी पुनर्वापराचे आहे आणि त्याचे इंधन वीज आहे. ती वीज वाऱ्याची किंवा सूर्याची असली तर देशातल्या सर्वांत कमी कार्बनच्या लोखंडात या ओतकामाची गणना होईल. अडचण वाळूची. साच्यासाठी सिलिका वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळतात, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर ती काळी वाळू टाकून द्यावी लागते. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः तेच माँटमोरिलोनाइट, जे आपल्या काळ्या मातीला फुगवते. आणि पायलिंगमध्ये बोअरची भिंत ढासळू नये म्हणून जे गाळाचे पाणी भरतात त्यातही बेंटोनाइटच असते. फौंड्रीवाला आणि पायलिंगवाला दोघेही कच्छहून येणारा हा एकच माल विकत घेतात आणि दोघांनाही वापरानंतर तो कुठे टाकायचा हे कळत नाही. पायलिंगचे बेंटोनाइट पाणी टाकीत निवळून, वाळू काढून पुन्हा वापरता येते; ते शेजारच्या शेतात सोडले की त्या तुकड्यात पाणी मुरायचे थांबते. निविदेत त्याची टाकी आणि विल्हेवाट यांचा स्वतंत्र दर असायला हवा, कारण ज्याला दर नाही ते काम होत नाही.

काळ्या वाळूबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. काही उत्साही मंडळी ती थेट पाइलच्या काँक्रीटमध्ये घालायला सुचवतात. मला ते मान्य नाही. पाइल एकदा ओतला की पुन्हा डोळ्यांना दिसत नाही, आणि तिथे चिकणमातीचा अंश असलेली, भट्टीगणिक वेगळी वाळू घालणे म्हणजे बदलत्या मालावर न बदलणारा भरवसा ठेवणे आहे. रेझिन वापरलेली वाळू तर वेगळीच ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये लोखंड, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फौंड्र्यांमधील सिलिका वाळू काही ठरावीक कामांसाठी सुरक्षित असल्याचे तपासून सांगितले. पितळेच्या फौंड्रीची शिसे असलेली वाळू त्यातून वगळली. आपण त्यापासून एवढे घ्यावे की चाचणी करून, प्रकार वेगळे करून ही वाळू पायलिंगच्या रिगला उभे राहण्यासाठीच्या भरावात, जोडरस्त्यात, उपकेंद्राच्या फरसबंदीत वापरावी. पवनचक्कीच्या एका जागेसाठी क्रेनचा कट्टा आणि रस्ता मिळून भरपूर भराव लागतो. आज तो मुरूम डोंगर पोखरून येतो. बेळगाव फौंड्री क्लस्टर केंद्राच्या योजनेतून उभे राहिले, कोल्हापुरातही असेच क्लस्टर आहे. वाळू तपासून, प्रतवारीचा दाखला देऊन ती एकत्रित विकणे हे काम अशा सामाईक संस्थाच करू शकतात.

लोखंडाचे खरे काम याहून पुढचे आहे. सौर खांबांसाठी ओतीव काँक्रीटऐवजी मळसूत्री लोखंडी पाइल जमिनीत फिरवून बसवता येतात. त्याच दिवशी भार घेता येतो, आणि पंचवीस वर्षांनी उलटे फिरवून काढून भट्टीत घालता येतात. ही कल्पना नवी नाही. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढली आणि मुंबई-बडोदे रेल्वेने गुजरातकडे जाणाऱ्या मार्गावरच्या पुलांना असे ओतीव लोखंडाचे पाइल वापरले. मळसूत्राची पाती, जोड, खडकातल्या अँकरचे नट आणि पट्ट्या, रिगच्या बादलीचे दात, केसिंगचे बूट हे सगळे ओतकाम, फोर्जिंग आणि मशिनिंगचे साधे काम आहे. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्हमध्ये बेळगावने देशभर नाव कमावले आहे, आणि पायलिंगची रिग म्हणजे मुळात हायड्रॉलिक यंत्रच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा उद्योग बेळगावातच सुरू केला; जागेचा प्रश्न आला तेव्हा औंधच्या राजांनी माळरान दिले आणि १९१० मध्ये कारखाना तिकडे गेला. त्याच्या शतकभरानंतर वीजदराच्या तफावतीने वैतागलेले कोल्हापूरचे उद्योजक सीमा ओलांडून कर्नाटकात यायची भाषा करत होते. उद्योग भाषेच्या सीमा पाहत नाही. त्याला स्थिर मागणी हवी असते. विजेच्या पायाभूत कामांच्या निविदा जर भार पेलण्याच्या हिशेबाने निघाल्या तर काँक्रीट आणि लोखंड यांची स्पर्धा खऱ्या अर्थाने होईल आणि जिथे लोखंड सरस आहे तिथे ती मागणी या दोन गावांच्या फौंड्र्यांकडे येईल.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. पाया हा वाचवायचा भाग नव्हे, थोडे जास्त ओतले तर काय बिघडले, असे अनेक अनुभवी अभियंते म्हणतात. पण जास्त ओतणे आणि सुरक्षित असणे यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. काळ्या मातीत रुंद, उथळ तळ कितीही मोठा केला तरी तो फुगणाऱ्या थरातच बसलेला असतो. क्षारपड रानात साध्या सिमेंटचा जाड पाइल हा बारीक पण योग्य सिमेंटच्या पाइलपेक्षा आधी कमकुवत होऊ शकतो. खरी सुरक्षितता चाचणीत आहे. मानक २९११ च्या चौथ्या भागात प्राथमिक पाइलवर संकल्पित भाराच्या अडीच पट आणि कामातल्या पाइलवर दीड पट भार टाकून पाहायला सांगितले आहे, आणि मानक १४८९३ मध्ये पाइल आत अखंड आहे का हे न फोडता तपासण्याची रीत आहे. फुगवटा नीट झाला की नाही हे दिसत नाही हा अंडर-रीम्ड पाइलवरचा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तो ओढून पाहिला पाहिजे. आणि भूजलाखालच्या ढासळत्या वाळूत तो वापरू नये हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो मी टाळणार नाही. पवनचक्कीच्या ४०० घनमीटरच्या पायात घनमीटरला ४०० किलो धरले तर १६० टन सिमेंट जाते, म्हणजे साध्या सिमेंटचे सुमारे १३० टन कार्बन डायऑक्साइड. साठ टक्के स्लॅग वापरला तर त्यातले सत्तर टन वाचतील. पण दोन मेगावॉटची चक्की पंचवीस टक्के क्षमतेने चालली तरी वर्षाला सुमारे ४३.८ लाख युनिट देते. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीच्या मध्यम आकड्यांप्रमाणे कोळशाच्या युनिटमागे ८२० ग्रॅम आणि वाऱ्याच्या युनिटमागे ११ ग्रॅम उत्सर्जन होते. म्हणजे वर्षाला साडेतीन हजार टन वाचतात आणि पायाचे सगळे कर्ज पंधरा दिवसांत फिटते. मग एवढा आटापिटा कशाला? हा हिशेब बरोबर आहे, आणि जे पायाच्या काँक्रीटवर बोट ठेवून पवनऊर्जाच खोटी ठरवतात त्यांना तोच उत्तर आहे. पण कर्ज लवकर फिटते म्हणून ते गरजेपेक्षा जास्त काढावे असे होत नाही. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता उभी करायची तर वाहिन्या, उपकेंद्रे, साठवण प्रकल्प या सगळ्यांचे काँक्रीट लागणार, आणि त्यातली वाळू-खडी कुठल्या तरी नदीतून, कुठल्या तरी टेकडीतून येणार. पैसा तर शेवटी वीजबिलातूनच वसूल होतो.

तिसरा आक्षेप कंत्राटांच्या जाणकारांचा आहे: खासगी पवन आणि सौर प्रकल्पांत एकरकमी कंत्राट असते, तिथे कंत्राटदार स्वतःच बचत करतो. काही प्रमाणात करतो. पण निविदा भरताना त्याच्या हाती मोजक्याच बोअरची माहिती असते, म्हणून तो सर्वांत वाईट मातीचा दर धरून बोली लावतो. काम मिळाल्यावर मुदत इतकी आवळलेली असते की सगळीकडे एकच नकाशा वापरणे त्याला सोपे जाते. उपाय निविदेच्या आधीच्या तपासणीत आहे. प्रत्येक पवनचक्कीच्या आणि वाहिनीच्या प्रत्येक वळणाच्या मनोऱ्याच्या जागी बोअर घेऊन, त्याचा अहवाल सगळ्या बोलीदारांना दिला पाहिजे, आणि त्याचा खर्च मालक कंपनीने केला पाहिजे. मिश्र सिमेंटला ताकद उशिरा येते ही तक्रारही याच घाईतून येते. पाया ओतल्यानंतर यंत्र किंवा तारा चढायला बहुधा अनेक आठवडे जातात. अठ्ठावीसऐवजी छप्पन्न दिवसांची ताकद मान्य केली तर तो प्रश्न उरत नाही.

बोअरची माहिती साठवली जात नाही हे तर मला या विषयातले सर्वांत मोठे नुकसान वाटते. कागल ते बेळगाव महामार्ग सहापदरी करताना वेदगंगा, हिरण्यकेशीवरच्या पुलांसाठी जमीन तपासली गेली. पारेषण कंपन्या, हेस्कॉम आणि महावितरण या वीज वितरण कंपन्या, पाटबंधारे खाती आपापल्या कामासाठी तपासतात. अहवाल फायलीत जातो आणि दोन किलोमीटरवर दुसरे खाते पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या बहुतेक कुणालाही पाहता येतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीपासून निपाणीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत आणि पलीकडे सांगलीच्या वालचंदपर्यंत स्थापत्य शाखा आहेत. दोन राज्यांची, दोन भाषांची कार्यालये एकमेकांना पत्र लिहायला महिने लावतात, पण या महाविद्यालयांना एकत्र नोंदवही ठेवायला कुठल्याही सीमा आयोगाची परवानगी लागत नाही. सरकारी निधीतून झालेल्या प्रत्येक बोअरची नोंद तिथे जमा केल्याशिवाय अंतिम बिल निघणार नाही, एवढी एक अट दोन्ही राज्यांनी आपापल्या निविदेत घालावी.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर पाया हा त्याच्या जमिनीचा कायमचा तुकडा आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मनोऱ्याच्या पायाच्या जागेसाठी जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१५ मध्ये हेच प्रमाण ८५ आणि १५ टक्के होते. भरपाई वाढली हे योग्यच झाले, पण मनोरा किंवा चक्की निकामी झाल्यावर खालच्या काँक्रीटचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ३५० किलोवॉटची जुनी यंत्रे आहेत आणि डिसेंबर २०२३ च्या धोरणाप्रमाणे अशा चक्क्यांच्या जागी मोठ्या चक्क्या उभारायच्या आहेत. नवी चक्की जुन्या पायावर बसत नाही; ती दुसरा, कितीतरी मोठा पाया मागते. सौंदत्ती आणि जतवर ही वेळ यायच्या आधीच भाडेकरारात लिहिले पाहिजे की प्रकल्प संपल्यावर पाया नांगराच्या फाळाला लागणार नाही इतक्या खोलीपर्यंत कंपनीने काढायचा, त्याची रक्कम पहिल्याच वर्षी बँकेत वेगळी ठेवायची, आणि पायाचा नकाशा व बोअरचा अहवाल सातबारा किंवा कर्नाटकातील आरटीसीच्या नोंदीसोबत जमीनमालकाला द्यायचा. जिथे मळसूत्री पाइल किंवा खडकातले अँकर चालतात तिथे ही रक्कम आपोआप कमी होईल, आणि कंपनीला मातीकडे पाहण्याचे आणखी एक कारण मिळेल. आता मूळ मागणीकडे वळू. बिलाची रचना अशी करता येईल: मातीतपासणी आणि भारचाचणी यांना स्वतंत्र दर, पायाला संकल्पित भाराच्या टनामागे ठरलेला दर, त्यापुढच्या जादा क्षमतेला काहीही नाही, आणि अंदाजपत्रकापेक्षा वाचलेल्या काँक्रीटच्या किमतीतला निम्मा वाटा कंत्राटदाराला. हेस्कॉमच्या किंवा महावितरणच्या एखाद्या सौर फीडरच्या कामात, चिकोडी किंवा कागलच्या काळ्या रानात, हे एका हंगामात करून पाहता येईल. पाइल पावसाळ्याआधी ओतायचे आणि माती फुगून पुन्हा आकसल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, ते जागेवरून किती हलले ते मोजायचे.